अर्ध्या पानाची जागा

दिगूदादाचं नाव निघालं की आमच्या वयाचे नाशिककर खुलतात. "काय नट होता हो!" म्हणतात. मग लगेच आवाज खाली आणून, "पण बाटलीनं घात केला," असंही म्हणतात. मी दोन्ही वेळा मान डोलावते. पहिल्या वेळी मनापासून, दुसऱ्या वेळी सवयीनं. इतकी वर्षं अशी मान डोलावत आले, त्याची आता मला लाज वाटते.

मी कोण ते एकदा सांगून टाकते. मी कुंदा. टेलिफोन ऑफिसात तक्रारींच्या टेबलावर नोकरी केली आणि संध्याकाळी आमच्या हौशी नाटकमंडळात प्रॉम्प्टिंग. शिवाय रंगमंचावर लागणारं सामान माझ्याकडे: चष्मे, काठ्या, पत्रं, कपबशा, बाटल्या. अभिनय मला येत नाही. एकदा मोलकरणीचं काम केलं, तेव्हा दिगूदादा म्हणाला, "कुंदे, तू विंगेतच छान दिसतेस." मी आठ दिवस त्याच्याशी बोलले नाही. खरं होतं म्हणूनच राग आला होता.

दिगूदादा पंचवटीतला, उपाध्येपण चालवणाऱ्या घरातला. वडील गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, यजमानांची कार्यं सांगत. घरात भिंतीतलं एक मोठं कपाट होतं आणि त्यात नामावळीच्या लांबट चोपड्या. कुठल्या गावचं कुठलं कुटुंब आलं, कोणाचं श्राद्ध केलं, मुलंबाळं किती, सगळं त्यात. पण ते उपाध्यांनी लिहायचं नाही. ज्यानं त्यानं स्वहस्ते लिहायचं आणि खाली नाव-गाव घालायचं. लिहिता येत नसेल तर अंगठा. प्रत्येक घराच्या नोंदीखाली अर्धं पान कोरं सोडलेलं असायचं.

"एवढा कागद वाया कशाला घालवता?" मी एकदा विचारलं.

"वाया कुठं? ज्याला यायचंय त्याची जागा आहे ती. आज ना उद्या येतो. मुलगा नाही तर नातू येतो. आमचे वडील त्या कोऱ्या जागेला पेन्सिलसुद्धा टेकवू द्यायचे नाहीत."

वडिलांचं काम यानं उचललं नाही, आवाज मात्र उचलला. आणि त्या आवाजाची मस्ती किती! तालमीला आला की आधी तांब्यातलं दोन घोट पाणी प्यायचा आणि मोठ्यानं म्हणायचा, "आधी पाणी, मग वाणी." मग पेपर उघडून त्यातल्या जाहीर नोटिसा वाचायचा. 'तमाम लोकांस कळविण्यात येते की सदर मिळकतीवर कोणाचा हक्क, हितसंबंध असल्यास' हे तो अशा काही सुरात वाचायचा की समोरच्या मुली लाजायच्या. प्रॉम्प्टिंग त्यानं कधी घेतलं नाही. "प्रॉम्प्टर म्हणजे शेजारीण. बोलू द्यावं, लक्ष देऊ नये." हे माझ्या तोंडावर, बरं का.

नव्वदच्या आगेमागे तो मुंबईच्या व्यावसायिक नाटकांत गेला आणि मग टीव्हीवरच्या एका मालिकेत वकील झाला. गरिबांच्या केसेस फुकट लढणारा, फाटकी छत्री घेऊन कोर्टात जाणारा वकील. घराघरात पोचला. लोक त्याचं नावच विसरले. नाशिकला आला की रविवार कारंजापासून पंचवटीपर्यंत "वकीलसाहेब, वकीलसाहेब" चालू. एकदा मी त्याच्याबरोबर भाजीबाजारात होते. मखमलाबादकडची एक म्हातारी मेथीच्या जुड्या सोडून उठली आणि तिनं त्याचा हातच धरला.

"वकीलसायेब, माझ्या वावराचं काय व्हईल वो? दीर लय तरास देतो. कागद हायेत माझ्यापाशी."

मला वाटलं, हा आता हसून सांगेल, आजी, मी नट आहे. छे! हा तिच्या शेजारी पोत्यावर बसला, तिच्या पिशवीतले कागद एकेक करून वाचले, आणि म्हणाला, "आजी, ही केस मोठी आहे, माझ्या एकट्याची नाही. माझ्याहून मोठ्या वकिलाकडे नेतो तुम्हाला." आणि खरोखर नेलं. शाळेतला एक मित्र वकील होता, त्याच्या गळ्यात ती केस घातली. म्हातारीला वावर मिळालं, आणि ते टीव्हीवरच्या वकिलानंच मिळवून दिलं असं ती मरेपर्यंत सांगत होती. दिगूदादानं तिला कधी दुरुस्त केलं नाही. दुसऱ्याच्या गोष्टी अशा स्वतःच्या अंगावर घ्यायची खोड त्याला तेव्हापासून होती, हे मला आता कळतं.

प्यायला तो कधीपासून लागला ते मला नक्की माहीत नाही. कळलं ते इगतपुरीच्या गोष्टीनं. मुंबईला प्रयोग होता. हा इगतपुरीला वडा खायला म्हणून गाडीतून उतरला. कोणीतरी ओळखलं, "वकीलसाहेब, थोडी घेऊ या का?" झालं. तीन दिवस हा इगतपुरीतच. तिकडे प्रेक्षक परत गेले, कंपनीनं काढून टाकलं, मालिकेवाल्यांनी वकिलाला परदेशी पाठवून दिलं. नाशिकला परत आल्यावर त्यानं ही गोष्ट आम्हाला तालमीत करून दाखवली. स्टेशनमास्तर, वडेवाला, स्वतःची झोकांडी, सगळं. आम्ही पोट धरधरून हसलो. "पुन्हा, पुन्हा," म्हणालो. कोपऱ्यात त्याची बायको, आमची सुधावहिनी, डबा घेऊन बसली होती. तिनं डब्याचं झाकण लावलं आणि न सांगता निघून गेली. ती का गेली हे तेव्हा आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही.

त्या घरी दसऱ्याच्या आधी चोपड्यांना ऊन दाखवायची रीत होती. त्या वर्षी वहिनीनं कपाट रिकामं केलं, तर चोपड्यांच्या मागे चपट्या. एकीचं बूच ढिलं होऊन आतली दारू एका चोपडीत मुरली होती. नांदगावकडच्या एका घराची नोंद होती ती. चार पिढ्यांची शाई एकात एक मिसळून गेलेली. मी गेले तेव्हा दिगूदादा ती चोपडी मांडीवर घेऊन बसला होता.

"कुंदे, यांचा खापरपणजा पुसला मी. उद्या कोणी विचारायला आला तर काय दाखवू त्याला?"

कंपनीनं काढलं तेव्हा तो रडला नव्हता, त्या दिवशी रडला. आणि दुसऱ्याच दिवशी स्वतः पिशवी भरून व्यसनमुक्ती केंद्रात गेला. कोणाला न्यावं लागलं नाही. शाई विरघळली म्हणून दारू सोडणारा माणूस मी दुसरा बघितला नाही.

परत आला तो वाळून आला. केस पांढरे, डोळे मात्र स्वच्छ. आणि मग ते फोन सुरू झाले. रोज सकाळी दहाला, मी टेबलावर बसले रे बसले की तक्रारीच्या नंबरावर त्याचा फोन.

"बाई, तक्रार नोंदवून घ्या."

"बोला."

"आज नाही."

एवढंच. आज प्यायची नाही. केंद्रात त्यांना शिकवलं होतं म्हणे, जन्मभराचं बोलू नका, आजचं बोला आणि रोज कोणाला तरी सांगा. वहिनीला सांगायची त्याला लाज वाटायची, म्हणून मला सांगायचा. मी "नोंदवली" म्हणायचे की फोन बंद. असे चौदा महिने. मी रजेवर असले तर घरी फोन. माझ्या आईच्या तेराव्यालासुद्धा फोन आला, "कुंदे, सांत्वन संध्याकाळी येऊन करतो. आज नाही."

त्याच दिवसांत आमच्या मंडळानं ते नाटक घेतलं. निवृत्त पोस्टमास्तरची गोष्ट. दुसऱ्या अंकात तो एकटा बसून पितो आणि वीस मिनिटं एकटाच बोलतो. हे काम दिगूदादानं करू नये असं सगळ्यांचं मत होतं. तो म्हणाला, "अरे, मी खुनी केला तेव्हा कोणाला मारलं का? नट आहे मी. मला काम करू द्या." त्याच्या तोंडाकडे बघून कोणाला नाही म्हणवेना.

रंगमंचावरची बाटली मी भरायची. कोरा चहा, गाळून, गार करून. पहिल्या प्रयोगापासून त्यानं एक रीत पाडली. पहिली घंटा झाली की मी बाटली घेऊन रंगपटात जायचं. तो ग्लासात एक घोट ओतायचा आणि ग्लास माझ्यापुढे धरायचा.

"आधी तू."

मी प्यायचे. बिनसाखरेचा गार कोरा चहा, आठवला तरी शिसारी येते. तो माझ्या तोंडाकडे निरखून बघायचा आणि तोंड वाकडं झालं की हसायचा. "जा. ठेव टेबलावर." त्या ग्लासात काय आहे याचा भरवसा त्यानं माझ्यावर टाकला होता. तेवढं एकच काम होतं माझं.

तो रविवार होता, दुपारचा प्रयोग. मुंबईहून एक नाट्यनिर्माता मुद्दाम बघायला आला होता, तिसऱ्या रांगेत. हे नाटक आवडलं तर दिगूदादा पुन्हा मुंबईच्या रंगभूमीवर जाणार, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. त्यालाही. पहिल्या घंटेला "आधी तू" झालं. चहाच होता. आणि पहिला अंक पडला. नुसता पडला नाही, सपाट झाला. दिगूदादा पाठ केल्यासारखा बोलत होता. प्रेक्षक खोकायला लागले. निर्मात्यानं दोनदा घड्याळ बघितलं.

मध्यंतरात मी बाहेरच्या व्हरांड्यातून येत होते. वडे खाणाऱ्या घोळक्यातून एक जण म्हणाला, "संपला गडी. प्यायचा तेव्हा आग होती राव त्याच्यात."

माझे कान तापले. मी आत आले. प्रकाशयोजना करणारा आमचा सुभाष बाहेर चहाला गेला होता. त्याच्या वायरींच्या पेटीत रमची बाटली असते, हे सगळ्या मंडळाला ठाऊक होतं. मी पेटी उघडली. कोरा चहा मोरीत ओतला आणि पोस्टमास्तरच्या बाटलीत रम भरली. रंग सारखाच दिसत होता. हे मी बघून घेतलं, उजेडात धरून.

आता कारणं सांगायची म्हटली तर सांगता येतात. निर्माता उठून गेला असता. दिगूदादा खचला असता. एका दिवसानं काय होतंय. हे सगळं मी तेव्हा मनाला सांगितलंही. पण खरं ते नाही. मला तो शुद्धीतला दिगूदादा कंटाळवाणा वाटायला लागला होता. मला तो नोटिसा वाचणारा, सगळ्यांना हसवणारा परत हवा होता, आणि आमच्या मंडळाला टाळ्या हव्या होत्या. त्याच्या चौदा महिन्यांपेक्षा मला माझी एक दुपार मोठी वाटली. शी! लिहितानासुद्धा हात आखडतोय.

दुसरा अंक. तो बाटलीजवळ आला. ओतलं. एक घोट घेतला आणि थांबला.

प्रेक्षागृह शांत. त्यांना वाटलं, काय अभिनय आहे. तो थुंकू शकत नव्हता. ग्लास ठेवून आत येऊ शकत नव्हता. त्यानं सावकाश मान वळवली आणि विंगेत माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. पाठीमागून कोणी ढकललं की माणूस वळून बघतो, तसं. मी डोळे खाली घातले, हातातल्या वहीत. वहीत पुढचं वाक्य होतं. त्याची शांतता लांबली तशी मी घाबरले आणि जन्मभराच्या सवयीनं ते वाक्य पुटपुटले.

"आणखी एक भरतो."

प्रॉम्प्टिंग कधीही न घेणाऱ्या माणसानं त्या दिवशी ते घेतलं. "आणखी एक भरतो," तो म्हणाला, आणि भरला.

त्यापुढची वीस मिनिटं ज्यांनी बघितली ते अजून विसरलेले नाहीत. लोक उभे राहिले. निर्माता आत येऊन त्याच्या पाया पडला. वहिनी पहिल्या रांगेत रडत होती, आनंदानं. मी टेबलावरच्या बशा गोळा करत होते. दिगूदादा माझ्या शेजारून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दहाला मी फोनपाशी बसले. देवळाली कॅम्पाची लाइन बंद, सातपूरला खरखर, एवढ्याच तक्रारी आल्या. बाराला जेवायची सुट्टी झाली तरी मी उठले नाही.

सुभाषनं संध्याकाळी मंडळात बोभाटा केला. "माझ्या पेटीतली रम दिगूदादानं ढोसली! मध्यंतरात! मी काय बोलणार, एवढा मोठा माणूस." चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं मला वाटलं की आता सगळे माझ्याकडे बघतील. कोणी बघितलं नाही. सगळ्यांना पटलं. दिगूदादा समोरच बसला होता. "हो रे सुभाष," म्हणाला, "चुकलं माझं." आणि मी, वीस जणांत, मांडीवरची वही नीट करत बसले.

मुंबईचं काही झालं नाही. तो परत प्यायला लागला तो पाच-सहा वर्षं प्यायला. घाटावर पडलेला सापडला, मुंजीत यजमानांना शिव्या दिल्या, सगळं झालं. वहिनी मला म्हणायची, "कुंदाताई, चौदा महिने किती छान होते हो. काय झालं असेल ह्यांना त्या दिवशी?" मी तिच्या हातची पोळी खात असायचे. घशाखाली उतरायची, हेच नवल.

शेवटी लिव्हरनं हात टेकले आणि डॉक्टरांनी दारू सोडवली. तेव्हा त्यानं आत्मचरित्र लिहायचं काढलं. हात थरथरायचा, म्हणून तो सांगणार आणि मी लिहिणार. मीच का, असं मी विचारलं नाही. रोज दुपारी मी पंचवटीत जायचे. त्यानं काही झाकलं नाही. इगतपुरी सांगितली, आणि ह्या वेळी हसवण्यासाठी नाही. आम्ही हसलो होतो तेही सांगितलं. चपट्या, चोपडी, नांदगावचा खापरपणजा, सगळं. मग एक दिवस तो रविवार आला.

"लिही. मध्यंतरात सुभाषच्या पेटीतली बाटली मी काढली आणि माझ्या हातानं भरून ठेवली."

माझं पेन थांबलं. "दिगूदादा..."

"आधी पाणी पी."

मी प्याले.

"आता लिही."

मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात. वाक्य संपल्यावर तो म्हणाला, "आता खाली अर्धं पान सोड."

"कशाला?"

"आमच्या घरची रीत आहे," म्हणाला, आणि पुढचं प्रकरण सांगायला लागला.

मला समजलं नाही असं म्हणणार नाही. मी हस्तलिखित महिनाभर घरी ठेवून घेतलं. तीन वेळा पेन उघडून त्या जागेपाशी बसले. मग छापखान्यात नेऊन दिलं. प्रुफं आली तेव्हा छापखान्यातला माणूस म्हणाला, "ताई, इथं अर्धं पान रिकामं राहिलंय. मुद्दाम आहे का चुकून?"

"चुकून," मी म्हणाले. "पुढचं वर घ्या."

पुस्तक निघालं. पहिली प्रत मीच घेऊन गेले. तो गॅलरीत खुर्चीवर बसला होता, अंगावर शाल, पाय सुजलेले. खाली गंगेवर कोणाचं तरी श्राद्ध चाललं होतं आणि भटजी चुकीचा उच्चार करत होता, त्यावर हा "अरे अरे" करत होता. पुस्तक हातात घेतल्यावर त्यानं मुखपृष्ठ बघितलं नाही, स्वतःचा फोटो बघितला नाही. थेट ते पान काढलं. जिथं जागा असायला हवी होती तिथून बोट फिरवत खाली नेलं. पुस्तक मिटलं.

"छान झालंय," म्हणाला. "शुद्धलेखन तुझंच असणार."

वहिनीनं दोन कप चहा आणला, दुधाचा, आलं घालून. दिगूदादानं आपला कप उचलला. हात इतका थरथरत होता की बशीत सांडत होता. तो कप त्यानं माझ्यापुढे धरला.

"आधी तू."

मी त्याच्या कपातला एक घोट घेतला. तोंड वर करायची माझी हिंमत झाली नाही. जरा वेळानं वर बघितलं तर तो माझ्याकडे बघतच नव्हता. समोर गंगेकडे बघत, माझ्या हातातून कप घेऊन, तो शांतपणे चहा पीत होता. ते त्याचं शेवटचं दर्शन. त्यानंतर दोन महिन्यांत तो गेला, आणि शोकसभेत मी त्याच्या पुस्तकातलं तेच प्रकरण वाचून दाखवलं. लोकांनी डोळे पुसले.

सुधावहिनी आता पुण्याला मुलीकडे असते. हे छापून आलं की तिला पाठवणार आहे, आणि मग ती काय म्हणेल ते ऐकून घेणार आहे.

दिगूदादा, पान मी बुजवलं, म्हणून इथं लिहिते. त्या रविवारी मध्यंतरात सुभाषच्या पेटीतली बाटली मी काढली आणि माझ्या हातानं भरून ठेवली. दिगंबर उपाध्यांनी नाही. कुंदा, मुक्काम नाशिक. स्वहस्ते.